घरात चार माणसं, आणि कामाचं बोलायला कुणी नाही

प्रश्न थोडक्यात असा: जाहिरात संस्थेतली नोकरी सोडून दीड वर्ष झालं. घरून लेखन आणि अनुवाद करते. चिंचवडला सासू-सासरे, नवरा आणि मी राहतो. नवरा हिंजवडीला जातो. कामं येतात, पैसेही बरे मिळतात. पण कित्येकदा अख्खा आठवडा कामाबद्दल कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. घर भरलेलं असताना एकटं वाटतं म्हटलं, की 'बॉस नाही, ट्रॅफिक नाही, घरबसल्या कमावतेस, आणखी काय हवं?' हे ऐकावं लागतं. हे काम माझ्या पिंडाचंच नाही का? नोकरीत परत जाऊ का?

नोकरीचं शेवटी बोलू. पिंडाचं मात्र आत्ताच मिटवून टाकते: त्याचा इथे काही संबंध नाही. मी पुण्यात बरीच वर्षं हेच करते आहे. इंग्रजीतून मराठी अनुवाद, कंपन्यांची माहितीपत्रकं, दिवाळी अंकांतले लेख, मधूनच कुणा उद्योजकाच्या आत्मचरित्राचं शब्दांकन. या धंद्यात टिकलेली जी माणसं मला माहीत आहेत, त्या प्रत्येकाने एकटेपणावर आपापला काहीतरी बंदोबस्त केलेला आहे. कुणी सकाळी दोन तास शिकवायला जातं, कुणी आठवड्यातून एकदा प्रकाशकाच्या कचेरीत उगाच जाऊन बसतं, कुणी मुद्दाम लांबच्या दुकानातून प्रिंट काढून आणतं. जन्मजात एकलकोंडी आहेत म्हणून टिकली, अशी माणसं फार थोडी.

आता तुमच्या 'घर भरलेलं असताना' या शब्दांकडे येते, कारण तुम्हाला अपराधी वाटतंय ते त्यामुळेच. शिकागो विद्यापीठात जॉन कॅसिओपो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी एकटेपणावर खूप वर्षं संशोधन केलं. त्यांची मांडणी साधी होती. माणसाला हवा असलेला सहवास आणि प्रत्यक्ष मिळणारा सहवास यांत जे अंतर पडतं, ते म्हणजे एकटेपणा. आसपास डोकी किती, हा हिशेब त्यात येतच नाही. त्यामुळे घरात चार माणसं असून एकटं वाटणं यात विसंगत काहीच नाही. विचारायचा प्रश्न एवढाच, की नेमका कोणता सहवास कमी पडतोय?

माझं उत्तर ठाम आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घरून लिहिणाऱ्याला माणसं कमी पडत नाहीत, कामाला साक्षीदार कमी पडतो.

एक उदाहरण देते. मागे एका कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेचं काम होतं. त्यांनी दिलेल्या मजकुरात पहिल्या शेडच्या उद्घाटनाचं एक साल होतं, आणि सोबतच्या जुन्या फोटोतल्या कोनशिलेवर दुसरंच. फोटो मोठा करकरून पाहिला. कोनशिलेवर तारखेबरोबर वार आणि तिथीही कोरलेली होती, म्हणून जुनं पंचांग मिळवून तिन्ही ताडून पाहिलं. तीन गोष्टी जुळल्या त्या कोनशिलेवरच्या सालाशीच. मजकुरातलं साल बहुधा कुणीतरी आठवणीतून टाकलं होतं. मी दुरुस्ती सुचवली, बरोबर साल छापलं गेलं, आणि मला पोच आली: 'रिसीव्ड, थँक्स.' कुणी वाईट वागलं नाही. बिलही वेळेत मिळालं. पण ती तिथी जुळली त्या क्षणी मान वळवून 'अगं, हे बघ काय सापडलं' म्हणायला शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं असतं तर 'हो का? बरं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?' असं उत्तर आलं असतं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती.

नोकरीत हे फुकट मिळतं म्हणून लक्षात येत नाही. कचेरीत कुणी कौतुक करतं असं नाही, उलट टोमणेच जास्त. पण तुम्ही काहीतरी करत होतात, अडला होतात, सुटलात, हे कुणीतरी पाहिलेलं असतं. 'झालं का ते औषधकंपनीचं?' एवढं विचारणारं माणूस असतं. पगाराच्या स्लिपवर न दिसणारा हा भत्ता राजीनाम्याच्या दिवशी बंद होतो. म्हणून कुणी 'जरा बाहेर पड, मैत्रिणींना भेट, सिनेमा बघ' असा सल्ला दिला की तो लागू पडत नाही. सिनेमाहून परत आल्यावर टेबल तिथेच आणि तसंच असतं.

दुसरी एक गोष्ट नोकरीबरोबर जाते, ती म्हणजे अर्धवट ओळखीची माणसं. लिफ्टमध्ये भेटणारा अकाउंट्समधला गृहस्थ, ज्याचं आडनाव तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कँटीनमधल्या मावशी. पार्किंगमधले वॉचमनकाका. यांना आपण माणसांच्या हिशेबात धरत नाही, पण धरायला हवं. २०१४ साली जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या कॅनडातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणाऱ्यांना दोन मोजयंत्रं खिशात ठेवायला दिली होती. जवळच्या माणसाशी बोलणं झालं की एक दाबायचं, नुसत्या ओळखीच्याशी झालं की दुसरं. ज्या दिवशी अशा जुजबी ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त आनंदी आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटलं. आणि ही जुजबी माणसं पोटापाण्यालाही उपयोगी पडतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवलं होतं, की नव्या कामाची खबर जिवलगांपेक्षा अशा लांबच्या ओळखीतून जास्त येते. जिवलगांना तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. माझ्यापुरतं तर हे शंभर टक्के खरं आहे.

म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी परत मिळवायच्या आहेत: एक-दोन साक्षीदार, आणि मूठभर जुजबी ओळखी. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

जुजबी ओळखींसाठी पुण्यात एक सोय आहे, आणि लिहिणारी माणसं तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. दोन्ही बाजूंना फळीचा आडोसा असलेली टेबलं, प्रत्येकाला एक प्लग, दाराबाहेर चपलांचा ढीग, भिंतीवर 'मोबाईल सायलेंट ठेवावा'. महिन्याला हजार-दोन हजार रुपयांत टेबल मिळतं. को-वर्किंगच्या मानाने हे काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे इथे शेजारच्या टेबलावरून कुणी मोठमोठ्याने सेल्सचे कॉल करत नाही. मी पावसाळ्यात, दिवाळी अंकांचं काम अंगावर असतं तेव्हा, अशा एका अभ्यासिकेत टेबल घेते.

तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. पण साडेदहाच्या सुमाराला सगळी जण खाली उतरतात आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यापाशी उभी राहतात. पहिल्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, 'ताई, राज्यसेवा की कम्बाइन?' माझे पांढरे केस पाहूनही विचारलं, हे त्याचं मोठेपण. मी लेख लिहिते म्हटल्यावर त्याला आधी गंमत वाटली. मग तो रोज विचारायला लागला, 'ताई, आज किती शब्द?' मी 'पाचशे' म्हटलं की तो मान हलवून म्हणायचा, 'कटऑफ लागणार नाही असं.' त्या मुलाने माझी एक ओळ वाचलेली नाही, वाचणारही नाही. पण त्याच्या 'किती शब्द'साठी मी कित्येक सकाळी टेबलावर वेळेत बसले आहे. तुम्हाला सदाशिव पेठेपर्यंत यायची गरज नाही, चिंचवड-निगडीतही अभ्यासिका आहेत. चौकशीला जाताना वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलेला एखादा लेख बरोबर न्या, म्हणजे 'परीक्षा कुठली?' या प्रश्नावर अडणार नाही.

अभ्यासिका नको असेल तर जुनं वाचनालय बघा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरलात तर पुढे पायीच. हे वाचणारं कुणी ठाण्यात असेल तर तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून. या ठिकाणी सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा, देवघेवीच्या खिडकीवरच्या बाई, संदर्भ विभागातले सर, हे तुमच्या नव्या कचेरीतले लोक. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. अधूनमधून गेलात तर तुम्ही नुसत्या सभासद राहाल. नेमाने गेलात तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी 'गेल्या बुधवारी दिसला नाहीत' म्हणेल, आणि तिथून पुढे सगळं सोपं आहे.

कॅफेबद्दल लोक विचारतात. एका कॉफीवर तीन तास बसायला माझा मध्यमवर्गीय जीव धजत नाही, आणि दर तासाला कॉफी घेतली तर त्या दिवसाच्या अनुवादाचा नफा तिथेच जातो. तुमचा जीव धजत असेल तर खुशाल बसा.

आता साक्षीदाराबद्दल, कारण खरं औषध तेच आहे.

तुमच्यासारखंच काम करणारी एक व्यक्ती शोधा. एकच पुरे. जुन्या संस्थेतली कुणी सुटी होऊन काम करत असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा आणि फोन करा. मेसेज नको, फोन. माझा असा फोन नगरच्या एका अनुवादिकेबरोबर ठरलेला आहे. मंगळवारी सकाळी अकराला. बोलायचं काय, हेही ठरलेलं आहे: या आठवड्यात काय चालू आहे, कुठे अडलंय, कुणाकडून पैसे यायचेत. एवढं झालं की ठेवायचा. घरच्या गप्पा मारायच्या असतील तर तो फोन संध्याकाळी, वेगळा. हे असं कोरडं वाटेल, पण कोरडेपणामुळेच ते चालतं. गप्पांचा फोन कामाच्या गडबडीत पहिला रद्द होतो, कामाचा फोन होत नाही. कधी काम फारच कंटाळवाणं असेल, शंभर पानांच्या यंत्राच्या मॅन्युअलसारखं, तर आम्ही फोन स्पीकरवर ठेवतो आणि दोघी गप्प आपापलं काम करतो. मधेच पलीकडून कळफलकाचा आवाज येतो, नाहीतर 'हे कुणी लिहिलंय देवा' असा सुस्कारा. बस्स.

या फोनवर रेट उघड बोला. हे मी मुद्दाम सांगते आहे. मराठी माणसाला पैशाचं बोलायचा संकोच, त्यात कामं एकाच एजन्सीकडून येत असली की स्पर्धेची भीती. मग प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसून 'शब्दाला सव्वा रुपया म्हणजे मी मूर्ख ठरतेय की हावरट?' याचा एकट्याने विचार करत राहतो. आपण जे घेतो ते वाजवी आहे की नाही, हे विचारायलाही कुणी नसणं हा एकटेपणाचा भलताच पोखरणारा प्रकार आहे. दोघींनी एकमेकींना खरा आकडा सांगितला की तो एका संध्याकाळीत संपतो. माझा तर रेट वाढला तो अशाच एका फोननंतर.

थकलेल्या बिलांचंही तसंच. मेल पाठवायचा, उत्तर नाही, पुन्हा पाठवायचा, 'प्रोसेसमध्ये आहे', पुन्हा शांतता. चौथ्या मेलपर्यंत माणसाला वाटू लागतं की आपल्याच कामात काहीतरी खोट असणार. तसं नसतं, बहुतेकदा तिकडे कुणीतरी रजेवर असतं किंवा कंपनीचा हातच आखडलेला असतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आणि लेखन-अनुवाद ही सेवा म्हणून त्यात बसते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. माझा अनुभव असा, की बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ टाकली की तक्रारीची वेळ क्वचितच येते. मुख्य फायदा पैशांपेक्षाही वेगळा आहे. आपण विनवणी करत नाही, व्यवहार करतो आहोत, असं वाटायला लागतं.

ग्राहकांकडून साक्षीदार मिळवता येतो का? थोडासा. काम देताना एक वाक्य लिहायची सवय लावा: 'तुमच्या रिव्ह्यूअरने केलेले बदल मला पाठवाल का?' दहापैकी सात जण पाठवणार नाहीत. जे पाठवतील त्यांना जपा. नवं काम घेताना मेलवर सगळं ठरत असलं तरी एकदा पाच मिनिटं फोनवर बोला. समोरच्याचा आवाज ऐकलेला असला की नंतरचे कोरडे मेल तेवढे कोरडे लागत नाहीत.

हल्ली एक वेगळीच अडचण झाली आहे. मशीनने केलेलं भाषांतर आपण फक्त तपासून सुधारायचं, अशी कामं वाढली आहेत. ती पोर्टलवर येतात. काम आलं की यंत्राचा मेल, घेतलं की यंत्राचा मेल, दिलं की यंत्राचा मेल. पूर्वी निदान एजन्सीतली प्रोजेक्ट मॅनेजर मुलगी 'मॅम, प्लीज, क्लायंट खूप मागे लागलाय' असं रडायला तरी फोन करायची. आता तीही नाही. वर मजकूरही कुणाचाच नसतो. मूळ लेखकाशी जो अबोल संवाद अनुवादकाचा चालतो, तोही अशा कामात होत नाही. असं काम घेऊ नका असं मी म्हणणार नाही, माझ्याही घराचा हप्ता त्यावर जातो. पण महिन्याचं सगळं काम तसलं होऊ देऊ नका. रेट जरा कमी असला तरी चालेल, पण फोन उचलणारा एक संपादक किंवा ग्राहक कायम हाताशी ठेवा. तुमच्या पत्रात कामाचं स्वरूप लिहिलेलं नाही, पण दीड वर्षांत ही शांतता वाढली असेल, तर आधी हे तपासून बघा.

दुसऱ्याच्या नावाने लिहिण्याचं काम करत असाल, तर तिथे गुप्ततेचा करार असतो. म्हणजे चांगलं लिहिलं तरी सांगायची सोय नाही. कंपनीच्या प्रमुखांच्या लिंक्डइनवर आपलं वाक्य लोक डोक्यावर घेतात आणि आपण घरी बसून बघतो. यावर मला एकच उपाय माहीत आहे: वर्षातून थोडं तरी काम स्वतःच्या नावाने छापून आलं पाहिजे. आत्मचरित्राचं काम असेल तर आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून नाव यावं असं आधीच, करारात, मागून घ्या. बऱ्याच जणांची हरकत नसते, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं.

नावाचं निघालं म्हणून दिवाळी अंकांबद्दल. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. जूनपासून संपादकांचे फोन सुरू होतात, ऑगस्ट-सप्टेंबरात 'लेख कुठवर आला?' म्हणून रोज एक. या काळात कुणाला एकटं वाटत नाही, वाटायला फुरसतच नसते. अंक येतात, चार जण फोन करतात, आणि भाऊबीज झाली की सगळं एकदम थंड. कंपन्यांची कामंही त्या दिवसांत रेंगाळतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या धंद्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की आता आपल्याला कुणी विचारणार नाही. दरवर्षी वाटतं. तुमचा प्रश्न त्या दिवसांतला असेल तर त्यातला थोडा भाग हवामानाचा धरा. मी ते दोन महिने आधीच भरून ठेवते: वाचनालयाचे वार वाढवते, राहिलेले लोक भेटून घेते. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. तिथे भाषणांच्या मांडवापेक्षा प्रकाशकांच्या स्टॉलवर दुपारी तीनच्या सुमाराला जा. गर्दी नसते, स्टॉलवरचा माणूस कंटाळलेला असतो, आणि 'मी अनुवाद करते' एवढ्या एका वाक्यावर तो तुम्हाला खुर्ची देतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लेखक-समूहांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. सकाळी सुप्रभात, मग प्रत्येकाने स्वतःच्या लेखाची लिंक टाकायची आणि बाकीच्यांनी न वाचता फुलांचे गुच्छ पाठवायचे. तिथून बाहेर पडल्यावर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. फेसबुकचंही तेच. चहाची सुट्टी म्हणून उघडायचं आणि पाऊण तासाने, दुसऱ्या कुणाला तरी पुरस्कार मिळाल्याचं पाहून मिटायचं.

घरच्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याकडून सगळं मिळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. 'तू घरीच असतेस ना' हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागत असणार. गॅसवाला, कुरिअरवाला, शेजाऱ्यांचं पार्सल, सगळं तुमच्याच दारात. ते थांबवायला दार लावून बसण्याच्या वेळा सांगा, आणि त्या वेळांत सासूबाईंनी हाक मारली तर चिडून नव्हे पण खरोखर 'एक वाजता येते' म्हणा. याची दुसरी बाजूही आहे. आपण काय करतो हे आपणच त्यांना कधी सांगितलेलं नसतं. 'कॉम्प्युटरवर काम' एवढंच त्यांना माहीत. जेवताना कामातली एक गोष्ट सांगा, कामाचा ताण नको, गोष्ट. आणि सासऱ्यांना वाचायची आवड असेल तर एखादं पान हातात द्या, छापील, मोठ्या अक्षरात, आणि पेन्सिल द्या. त्या पिढीचं मराठी अनेक रिव्ह्यूअरपेक्षा पक्कं असतं, आणि निवृत्त माणसालाही कुणी काम देत नसतं. एका मैत्रिणीचे सासरे असे तिचे प्रूफरीडर झाले. आता ते ऱ्हस्व-दीर्घावरून तिच्याशी भांडतात. ती वैतागते, पण एकटी मात्र नसते.

एक वेगळी सूचना, ती हलक्यात घेऊ नका. वरचं सगळं एकटेपणासाठी आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, ज्यात रस होता त्यातही लागत नसेल, काम उघडायचीच भीती वाटत असेल, तर ते अभ्यासिकेने आणि फोनने सुटणारं प्रकरण नाही. डॉक्टरांना दाखवा. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वाट न पाहता आजच तो लावा आणि नवऱ्याला सांगा.

आता नोकरी. परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. कितीतरी चांगले लेखक आयुष्यभर बँकेत, शाळेत, सरकारी खात्यात होते आणि संध्याकाळी लिहीत होते. पण जायच्या आधी, तुम्हाला नोकरीतलं नेमकं काय आठवतं, हे कागदावर लिहून पाहा. ठरलेल्या तारखेला येणारा पगार आठवत असेल, तर एखाद्या ग्राहकाशी महिन्याच्या ठरीव रकमेवर काम करायचं बोलून बघा, नोकरीची गरज पडणार नाही. माणसं आठवत असतील, तर आठवड्यातले दोन दिवस कुठे जाऊन करता येईल असं काम शोधा. पत्रकारिता किंवा अनुवादाच्या अभ्यासक्रमांना शिकवायला बाहेरची अनुभवी माणसं लागतात. छोट्या प्रकाशनसंस्थांना संपादनासाठी अर्धवेळ कुणीतरी हवंच असतं, पैसे बेताचे देतात, चहा भरपूर. आणि कुणीतरी वरून काम नेमून द्यावं, चांगलं झालं की वाईट ते सांगावं, आपण फक्त करावं, हे आठवत असेल, तर मात्र खुशाल नोकरी धरा. ती ओढ फोन आणि वाचनालयाने भागत नाही, आणि ती असणं हा दोषही नाही.

जून जवळ आलाय म्हणून सांगते: निर्णय दिवाळीनंतर घ्या. तोवर दोन-तीन अंकांच्या संपादकांना विषय सुचवून मेल टाका, अभ्यासिकेत एका महिन्याचं टेबल घेऊन बघा, आणि त्या जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन करून वार ठरवा. मंगळवार सोडून कुठलाही चालेल असं ती म्हणाली, तर समजा ती माझ्या नगरच्या मैत्रिणीलाही ओळखते.